चाळीस म्हणजे किती?

दसरा आटोपला की फ्रीगंजातल्या टॉवर चौकात पाय ठेवावयास जागा उरत नाही. जुन्या शहरातील मंडळी पूल ओलांडून इकडच्या काचेच्या दुकानांत येतात आणि फ्रीगंजात राहणारे आम्ही, तिकडे चार पैसे कमी पडतील या आशेने, सतीगेट आणि गोपाळ मंदिराकडे जातो. येता-जाता पुलावर दोन्हीकडच्या पिशव्यांची गाठ पडते. मौज अशी की, यांतल्या पुष्कळशा पिशव्या दोन दिवसांनी त्याच पुलावरून उलट प्रवास करताना दिसतात. कापड विरले म्हणून नव्हे, रंग गेला म्हणूनही नव्हे. तर कॉलरमागच्या चिठ्ठीवरचा आकडा एक सांगत होता आणि अंगात घातल्यावर सदरा दुसरेच सांगू लागला, एवढ्याच कारणासाठी.

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपल्या मराठीत हिंदीचे पाणी बरेच मिसळले आहे. मापाला आपण सर्रास 'नाप' म्हणतो आणि शिंप्याला 'मास्टर'. 'मापात पाप' हे शब्द मात्र आपण शुद्ध मराठीत टिकवून ठेवले आहेत. ते जन्मले वाण्याच्या तागडीसाठी. आज त्यांचा उपयोग तयार कपड्यांच्या दुकानात अधिक होतो. वाण्याचा किलो तपासायला नापतौल खात्याचा माणूस येतो, वजनावरचा शिक्का पाहतो. सदऱ्यावरच्या चाळिसाच्या वाट्याला अशी तपासणी सहसा येत नाही. तो चाळीस कशाचा, हेदेखील कोणी विचारीत नाही. ते विचारण्यासाठीच हा लेखप्रपंच.

पुरुषांच्या सदऱ्यापासूनच आरंभ करू. एकाच गृहस्थांच्या कपाटात ४० आकड्याचे दोन सदरे असतात. एक अंगाला बेताचा बसतो, दुसऱ्यात आणखी एखादे मूल मावेल. गृहस्थ दुकानदाराला दोष देतात, दुकानदार कंपनीला देतो. वास्तविक दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्या सदऱ्यावरचे ४० हे छातीचे इंच आहेत, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर. दुसऱ्यावरचे ४० हे गळ्याचे सेंटिमीटर आहेत, म्हणजे पावणेसोळा इंची कॉलर. आणि तेवढ्या गळ्याच्या माणसाची छाती बहुधा ४२ इंचांच्या आसपास असणार असे धरून बाकीचा सदरा बेतलेला असतो. सदऱ्यांमध्ये ३८, ३९, ४०, ४२, ४४ अशी चाल दिसते, तिच्यातील तो एकटा विषम ३९ कोठून आला, याचा उलगडाही येथेच होतो. तो गळ्याच्या सेंटिमीटरांचा वंशज आहे. त्याच गृहस्थांचा गंजीफ्रॉक ९५ नंबरचा असतो, कारण होजियरीवाल्यांनी छाती सेंटिमीटरमध्ये मोजावयाची ठरविली. आणि सहलीसाठी घेतलेल्या टी-शर्टवर नुसते 'एल' लिहिलेले असते. एकच माणूस, एकच छाती, आणि तिला चार नावे!

स्त्रियांच्या कपड्यांत गोंधळ आणखी एक पायरी वर चढतो. कुर्तीवर ३८ असेल तर एका दुकानात ती 'एम' असते आणि समोरच्या दुकानात 'एल'. याचे मूळ कारण साधे आहे, पण ते ग्राहकाला कोणी समजावून सांगत नाही. माप दोन प्रकारचे असते: एक अंगाचे आणि दुसरे कपड्याचे. कपडा अंगाइतकाच शिवला तर हात वर करता येणार नाही, बसता येणार नाही, श्वासही नीट घेता येणार नाही. म्हणून अंगाच्या मापात दोन, तीन, चार इंच मोकळीक मिळवावी लागते. ज्या बाईंच्या छातीचे माप ३६ इंच आहे, त्यांची सुखाने घालण्याजोगी सुती कुर्ती काखेत मोजली तर ३९-४० इंच भरते. आता एक कारखानदार चिठ्ठीवर अंगाचे माप छापतो, ३६. दुसरा कपड्याचे छापतो, ४०. तिसरा, मोकळीक दोनच इंच देऊन, ३८ लिहितो. तिघेही खोटे बोलत नाहीत आणि तिघांचेही एकमेकांशी जुळत नाही. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणून आपण ज्या बाईंना हसतो, त्यांची येथे क्षमा मागितली पाहिजे. येथे अंगण खरोखरच वाकडे आहे.

लहान मुलांचे कपडे तर वयावर विकतात. '५ ते ६ वर्षे' असे लिहिलेल्या झबल्यात कोणते पाच वर्षांचे मूल बसते, हे त्या शिवणाऱ्यालाच ठाऊक. आपल्या घरांतून सात वर्षांची काडीपैलवान मुलेही असतात आणि चार वर्षांची, पोहे-जिलबीवर वाढलेली, भक्कम बाळेही असतात. आजी विचारते, "कितव्या वर्षाचा घेतलास ग?" आणि सून उत्तर देते, "आठव्या वर्षाचा, आई. आपल्या बाळाला सहावं लागलंय." यात कोणालाही काही विचित्र वाटत नाही, इतके आपण सरावलो आहोत.

पूर्वी असे नव्हते असे म्हणण्याचा मोह होतो. तो अगदीच खोटा नाही, पण पुरता खराही नाही. उज्जैनीत नजरअली, विनोद, हिरा या गिरण्या चालत होत्या तेव्हा कापड वारावर आणि पुढे मीटरवर मिळे, आणि शिवणे हे निराळे काम होते. शिंप्याच्या गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची मापांची वही असे. तिच्यात घरातल्या पुरुषांची नावे, त्यांखाली छाती, खांदा, बाही, लांबी, आणि कोपऱ्यात शिंप्याने स्वतःसाठी केलेली खूण: एक खांदा उतरता, पोट पुढे, पाठीत किंचित बाक. ती वही म्हणजे कुटुंबाच्या प्रकृतीचा इतिहासच. मुलगा दर वर्षी किती वाढला आणि वडील आजारपणानंतर किती उतरले, हे डॉक्टरांच्या आधी मास्टरला कळे.

स्त्रियांचे तंत्र वेगळे होते. परक्या पुरुषाने अंगाला फीत लावावी हे घरांतून चालत नसे. म्हणून चोळखणाबरोबर 'मापाचे पोलके' पाठविण्याची रीत पडली. अंगाला उत्तम बसणारे एक जुने पोलके शिंप्याकडे द्यायचे आणि त्याबरहुकूम नवे शिवून घ्यायचे. या साध्या रीतीत फार मोठे शहाणपण होते, त्याकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत. आणि लुगड्याला तर मापच नको. नऊ वारांचे लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर आणि सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर. महेश्वरी असो वा चंदेरी, ते लठ्ठ सासूला आणि सडपातळ सुनेला सारखेच बसे. निऱ्या कमी-अधिक झाल्या की माप साधले. वस्त्राने माणसाशी जुळवून घ्यावे, माणसाने वस्त्राशी नव्हे, ही सोय आपल्या आज्यांना फुकट मिळाली होती. आता शिवलेली नऊवारी मिळते, तिच्यावरही 'एम' आणि 'एल' आले आहेत, आणि मंगळागौरीच्या सकाळी चिमटे लावून ती कमरेवर आवळावी लागते. असो.

जुन्या व्यवस्थेची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. दिवाळीचे कपडे तुळशीच्या लग्नाला देणारे शिंपी आम्ही पाहिले आहेत. 'परसों आ जाना' या तीन शब्दांवर ज्यांनी महिने काढले, त्या ग्राहकांना तयार कपडा ही मुक्तीच वाटली. पसंत केला, पैसे दिले, घालून बाहेर पडले. नोकरीसाठी इंदूरला रोज जा-ये करणाऱ्या मुलीने शिंप्याच्या दारात चार खेपा कधी घालाव्यात? तयार कपडा वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्याने आपल्याशी खरी भाषा बोलावी, एवढेच मागणे आहे.

ही भाषा बिघडली कशी, हे थोडे पाहण्यासारखे आहे. मोठ्या प्रमाणावर ठरावीक मापांचे कपडे शिवण्याची गरज प्रथम सैन्यांना पडली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, लक्षावधी शिपायांसाठी गणवेश करावे लागले. त्या वेळी जमलेल्या मापांवरून पुढे पुरुषांच्या तयार कपड्यांचे नंबर बसविण्यास मदत झाली. स्त्रियांकडे लक्ष जाण्यास आणखी पाऊण शतक लागले. अमेरिकेच्या कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ मापे घेतली आणि १९४१ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. एवढा खटाटोप केल्यावर निष्पन्न काय झाले? स्त्रीदेह एका आकड्यात बसत नाही, हे. तरीही व्यापाराला एकच आकडा हवा होता. १९५८ साली तेथे मापांचे प्रमाण ठरविण्यात आले, ते हळूहळू ऐच्छिक झाले आणि १९८३ साली मागे घेण्यात आले. मग ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्यापाशी.

त्याच्याही आधीपासून दुकानदारांना एक मर्म सापडले होते: लहान आकडा वाचून ग्राहक खूष होतो. तेव्हा कपडा मोठा करावा आणि आकडा लहान ठेवावा. ३२ इंच छातीचा अमेरिकन झगा १९३७ सालच्या एका प्रसिद्ध दुकानाच्या सूचिपत्रात १४ नंबरचा होता. १९६७ मध्ये तेवढ्याच छातीला ८ नंबर पडला, आणि २०११ पर्यंत तो चक्क शून्यावर आला. बाईची छाती होती तेथेच होती. आकडाच तेवढा रोड झाला. पुरुषांनी येथे हसू नये. आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ गेली तीस वर्षे ३६ नंबरचीच विजार घेतात आणि तसे अभिमानाने सांगतात. पूर्वी ती विजार बेंबीवर बसत असे, आता ती पोटाच्या खाली बसते. शिवाय पट्ट्यात ताणले जाणारे सूत आले आहे. ३६ कायम राहिले, कंबर मात्र स्थलांतर करून गेली.

येथपर्यंत सारे गमतीचे वाटते. ते गमतीचे का नाही, हे आम्हांला आमच्या पुतणीने शिकविले. मुलगी बारावीत, अंगाने मध्यम, मामाच्या मुलाच्या लग्नासाठी तयार पोशाख घ्यावयाचा होता. नेहमी 'एल' घालणारी ती, एका दुकानात 'एल' खांद्यावरून खाली उतरेना. विक्रेत्या मुलीने, अगदी निष्पाप मनाने, परंतु दहा माणसांच्या देखत, आवाज दिला, "दीदी, आपको तो डबल एक्सएल आएगा!" बाहेर लावलेल्या पाटीवर 'फॅशन के दौर में गारंटी की इच्छा न करें' असे लिहिलेले होते. पोरीने तो पोशाख घेतला नाही, दुसराही घेतला नाही. घरी आल्यावर रात्री भूक नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी तिच्या काकूंच्या ध्यानात आले की, पोर पोळी मोजून खाते आहे आणि आरशासमोर उभी राहून पोट आत ओढते आहे.

काकूंनी उपदेश केला नाही. त्यांनी शिवणाच्या पेटीतली फीत काढली आणि घरातल्या 'एल' खुणेच्या चार कुर्त्या पलंगावर पसरून पुतणीलाच मोजावयास लावल्या. काखेपासून काखेपर्यंत, आणि दुप्पट. एक भरली ३८ इंच, एक ४०, एक साडेएकेचाळीस आणि एक पुरती ४३. चारही 'एल', चारही ती अंगात घालत होती. मग तिचे स्वतःचे माप घेतले, ते होते ३७. पुतणीने ते आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहिले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे काकू, हे माझं माप नाहीच." त्या रात्री ती नेहमीसारखी जेवली.

सर्वच घरांत शिवणाची पेटी आणि अशी काकू असतेच असे नाही. बंद पडद्याआड, अंगावर अर्धवट अडकलेला कपडा घेऊन उभी राहिलेली मुलगी कंपनीला दोष देत नाही. ती स्वतःला दोष देते. मुलगेही देतात, ते बोलत नाहीत इतकेच. नव्या नोकरीच्या मुलाखतीला जाताना खांद्यावर लोंबणारा कोट घालावा लागलेला तरुण मनातल्या मनात स्वतःला लहान समजू लागतो. कोणी एका आकडेमोड्याने दूरच्या कारखान्यात छापलेल्या खुणेला आपण आपल्या लेकरांच्या शरीरावरचा निकाल म्हणून स्वीकारतो, ही गोष्ट आम्हांला कपडा परत करण्याच्या त्रासापेक्षा कितीतरी गंभीर वाटते.

कारखान्यात आकडा कसा हलतो, हेही समजून घेतले पाहिजे, म्हणजे प्रत्येक वेळी लबाडीचा संशय घ्यावा लागणार नाही. तेथे कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरतात आणि यंत्राच्या पात्याने सगळे एकदम कापतात. कापड अंथरताना ताणले गेले असेल तर कापल्यावर ते आकसते. पाते किंचित कलले तर वरचा थर आणि खालचा थर यांत फरक पडतो. म्हणून एकाच ढिगातील, एकाच चिठ्ठीचे दोन कपडे अर्ध्या-पाऊण इंचाने वेगळे निघू शकतात, आणि तेवढा फरक खपवून घेण्याची रीत त्या धंद्यात आहे. शिवाय एकाच नावाखाली विकला जाणारा माल तिरुप्पूर, लुधियाना, बेंगळूरू अशा निरनिराळ्या गावी शिवला जातो. आपल्या शेजारच्या इंदूरातही परदेशीपुऱ्यात तयार कपड्यांचा स्वतंत्र परिसर आहे. प्रत्येक ठिकाणचा कारागीर निराळा, नमुन्याचा कागद निराळा. नंतर येते धुलाई. जुन्या वाचकांना गिरणीच्या कापडाच्या काठावरचा 'सॅनफोराइज्ड' हा छाप आठवत असेल. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन गृहस्थांनी शोधलेल्या या प्रक्रियेत कापड आधीच आटवून घेतात, म्हणजे घरी धुतल्यावर ते आणखी आटत नाही. हा छाप पाहिल्याविना कापड न घेणारे लोक होते. तयार सुती कुर्ता किती आटेल, हे आज कोण विचारतो?

मूळ नमुनाच आपल्या अंगाचा नसला तर कारागीर काय करील? आपल्याकडे पुष्कळ माल परदेशी नमुन्यांवरून बेतला गेला. म्हणून बाही बोटांवर येते, खांदा रुंद होतो आणि पोटावर मात्र बटण ताणते. भारतीय माणसांची मापे देशभर घेऊन स्वतंत्र प्रमाण ठरवावे, यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आणि वस्त्रोद्योग मंत्रालय यांचा 'इंडियासाइज' हा प्रकल्प २०१८ साली जाहीर झाला. १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे, अंगाला हात न लावता प्रकाशकिरणांनी घ्यावयाची, अशी ती योजना. त्यासाठी दिल्ली, मुंबई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग यांसह सहा शहरे निवडली गेली. योजना स्तुत्य आहे. पण या यादीत मध्य भारतातले एकही गाव नाही, हे आम्ही माळवेकरांनी नोंदवून ठेवावयास हरकत नाही. मुंबईच्या मापात उज्जैनीचे पोट बसेल की नाही, याविषयी आम्ही साशंक आहोत.

आणि उज्जैनीने मापाविषयी बोलू नये तर कोणी बोलावे? भारतीय ज्योतिर्गणिताने आपला मूळ रेखांश याच नगरीवरून मानला. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात येथे वेधशाळा बांधली, आणि माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिची दुरुस्ती करविली. त्याच माधवरावांचे नाव आमच्या फ्रीगंजला, म्हणजे माधवनगरला, आहे. वेधशाळेतील सम्राट यंत्राची सावली आणि टॉवरचे घड्याळ यांची वेळ जुळत नाही, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. उज्जैनीचे रेखांश ७५ अंश ४६ कला आणि देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची. म्हणून सरासरीने सुमारे सत्तावीस मिनिटांचा फरक पडतो. ऋतुमानाप्रमाणे त्यात थोडी भर वा घट होते. परंतु यावरून सावली खोटी आहे असे कोणी म्हणत नाही. आजच्या तारखेला किती मिनिटे मिळवावयाची, त्याचे कोष्टक असते. ते पाहिले की दोन्ही वेळा जुळतात.

कपडेवाल्यांकडून आम्हांला नेमके हे कोष्टक हवे आहे. सर्वांनी एकच आकडा वापरावा असा हट्ट नाही. मोकळीक किती ठेवावी, काट कसा असावा, यात कारखानदारांनी खुशाल स्वतंत्र असावे. फक्त हा कपडा काखेत इतके सेंटिमीटर, खांद्यात इतके, लांबीला इतके, आणि तो इतक्या छातीच्या माणसासाठी बेतला आहे, एवढे चिठ्ठीवर छापावे. ही मागणी आकाशातली नाही. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांविषयी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यात 'एस', 'एम', 'एल' या खुणांबरोबर मेट्रिक मापही अपेक्षित आहे. चांगल्या सदऱ्यांवर '१०२ सेंमी' असे बारीक अक्षर सापडतेही. ते अंगाचे की कपड्याचे, हे मात्र पुष्कळदा त्या अक्षरापेक्षाही बारीक असते.

परतीच्या कायद्याविषयी पुष्कळांचा गैरसमज आहे, म्हणून दोन शब्द. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' असे छापल्याने दुकानदार यातून सुटत नाही. परंतु कपडा निर्दोष असून केवळ आपल्या अंगाला बसत नसेल, तर तो या अर्थाने सदोष नव्हे; तेथे दुकानदाराचा चांगुलपणा आणि आपली बोलण्याची हातोटी यांवरच भिस्त. फ्रीगंजात दोन्हींची उणीव नाही. तरी बिल जपावे आणि चिठ्ठी घरी गेल्या गेल्या कापू नये.

आता ते मापाचे पोलके. आपल्या आजीची युक्ती आजच्या दुकानातही तितकीच चालते, फक्त पोलके बरोबर न्यावे लागत नाही. घरातील ज्या सदऱ्यात वा कुर्तीत आपल्याला सुख वाटते, तो कपडा बटणे लावून सपाट पसरावा. काखेपासून काखेपर्यंत, एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, बाहीची लांबी आणि पाठीची लांबी, अशी चार मापे सेंटिमीटरमध्ये घ्यावीत. विजारीची कंबर, आणि कमरेपासून काट्यापर्यंतची उंची, ही दोन आणखी. कागदाचा एक चिटोरा पाकिटात, फीत पिशवीत. दुकानात चिठ्ठी वाचण्याआधी कपडा काउंटरवर पसरून मोजावा. पहिल्यांदा विक्रेता चमत्कारिक पाहतो. दुसऱ्यांदा तोच फीतेचे दुसरे टोक धरतो. घरबसल्या मागविणाऱ्यांनीही चित्राखाली कपड्याचे माप दिले आहे का ते शोधावे. नुसते 'एल' असेल तर तो कपडा परत पाठविण्याची तयारी ठेवूनच मागवावा.

इतके करूनही थोडेफार कमी-जास्त राहतेच. त्यासाठी बाजाराच्या कडेला यंत्र मांडून बसणारे, कपडे आत-बाहेर करून देणारे कारागीर अजून आहेत, आणि लाल वहीवाल्या शिंप्यांचे खरे वारस आम्ही त्यांनाच मानतो. त्यांच्याकडे जाण्याआधी कपडा उलटा करून शिवणीतली माया पाहावी. जुना शिंपी दोन बोटे माया ठेवीत असे, पोर वाढेल, बाई बाळंत होईल, या हिशेबाने. कारखान्यात कापड वाचवायचे असते, म्हणून तेथे माया जेमतेम असते आणि तीही यंत्राने कातरून गुंफलेली. ती नसली तर कारागीराचे काही चालत नाही. म्हणून दोन नंबरांत मन दोलायमान झाले की मोठा घ्यावा. जास्तीचे आत घेता येते, नसलेले बाहेर सोडता येत नाही. मात्र त्याच्याकडे धनत्रयोदशीच्या आधी आठ दिवस तरी जावे. त्यानंतर तोही 'परसों' म्हणू लागतो.